सभेतल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा क्यूआर कोड

सहकारी गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा साधारणपणे ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्यामुळे ऑगस्ट उजाडला की राज्यभरातले चिटणीस एकाच विवंचनेत असतात. वार्षिक अहवाल, ताळेबंद, लेखापरीक्षकांचे शेरे, इमारत जुनी असेल तर पुनर्विकासाचा फिजिबिलिटी रिपोर्ट (व्यवहार्यता अहवाल), एवढं सगळं सभासदांच्या हातात द्यायचं कसं? साठ पानांचा संच आणि दोनशे सभासद म्हणजे बारा हजार पानांची झेरॉक्स. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकावं तर संध्याकाळपर्यंत ते वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडलं जातं. म्हणून आता बऱ्याच सूचनापत्रांवर कोपऱ्यात एक क्यूआर कोड दिसतो, किंवा सभेत पडद्यावर कोड झळकतो आणि कोणीतरी माइकवरून सांगतं, "सगळ्यांनी स्कॅन करून घ्या."

पुढे काय होतं ते ठाऊक आहेच. पहिल्या दोन रांगांतले फोन लागलीच उघडतात. मधल्या रांगेतला एकजण उभा राहून हात लांब करतो. मागचे प्रयत्न सोडून देतात. ज्यांचा कोड वाचला जातो त्यांच्यातल्या काहींना "परवानगी मागा" असा पडदा दिसतो. तेवढ्यात ताळेबंद वाचून दाखवला जातो, "मंजूर?" असं विचारलं जातं आणि हात वर होतात. ज्या कागदावर मत मागितलं जातंय तो कागद सभागृहातल्या निम्म्या लोकांनी पाहिलेलाच नसतो. मला ही गोष्ट गंभीर वाटते, कारण यातला जवळजवळ प्रत्येक अडथळा आधीच्या संध्याकाळी अर्धा तास दिला तर दूर होतो. त्यासाठी कोड आतून कसा चालतो ते थोडं समजून घ्यावं लागेल.

कोडाच्या आत काय असतं

बहुतेकांची समजूत असते की अहवाल कोडात भरलेला असतो आणि फोन तो बाहेर काढतो. तसं नसतं. कोडात फक्त मजकुराची एक ओळ असते आणि ती ओळ म्हणजे बहुतेक वेळा एक लिंक. फोन ती ओळ वाचतो, ब्राउझर उघडतो आणि इंटरनेटवरून अहवाल आणतो. अहवाल असतो गुगल ड्राइव्हवर किंवा संस्थेच्या वेबसाइटवर.

अख्खा कागदच कोडात का नाही मावत? मर्यादा फार लहान आहे. सर्वांत मोठ्या क्यूआर कोडात १७७ बाय १७७ चौकोन असतात आणि त्यात जास्तीत जास्त २,९५३ बाइट माहिती बसते. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीत युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठी असलेल्या प्रमाणित संकेतांच्या, नेहमीच्या पद्धतीनं प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं धरली जातात. 'कार्यकारिणी' या एका शब्दात अशी अकरा चिन्हं आहेत, म्हणजे तेहतीस बाइट. या हिशेबानं सर्वांत मोठ्या कोडातही मराठीची ९८४ चिन्हं मावतील. छापील पुस्तकाचं एक पानही त्यात बसणार नाही, शिवाय इतका बारीक चौकोनांचा कोड सभागृहात लांबून कोणाच्याच फोनला वाचता येणार नाही.

काही कोडांत मात्र माहिती खरोखर आत असते. आधारच्या नव्या सुरक्षित क्यूआर कोडात नाव, पत्ता, लहानसा फोटो आणि त्यावर डिजिटल स्वाक्षरी असते. ती तपासायला इंटरनेट लागत नाही. करोना लशीच्या कोविन प्रमाणपत्रावरच्या कोडातही स्वाक्षरी केलेला मजकूर होता. तिथे हेतू वेगळा होता. कागद खरा की बनावट एवढंच बघायचं होतं. सभेला वाचायला काही द्यायचं असेल तर लिंकच द्यावी लागते, आणि मग कोड चांगला छापला की काम झालं असं म्हणता येत नाही. लिंकच्या टोकाला काय आहे, ते कोणाला उघडतं आणि किती दिवस तिथे राहणार आहे, यावर सगळं ठरतं.

तीन कोपऱ्यांतले तीन चौकोन

हा कोड जपानमध्ये १९९४ साली तयार झाला. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या छोट्या गटानं तो बनवला. कारखान्यातल्या खोक्यांवर तेव्हा साधे बारकोड असत. एका बारकोडात जेमतेम वीस अक्षरं बसत, त्यामुळे एकाच खोक्यावर अनेक बारकोड चिकटवावे लागत आणि कामगारांचा दिवस ते एकामागून एक स्कॅन करण्यात जाई. हारा यांनी माहिती आडवी आणि उभी अशा दोन्ही दिशांनी मांडायचं ठरवलं. त्यांना ही कल्पना 'गो' या पटावरच्या खेळातल्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांवरून सुचली, असं त्यांनी सांगितलेलं आहे.

पण खरी अडचण वाचण्याची होती. कॅमेऱ्यासमोर आलेल्या चित्रात कोड नेमका कुठे आहे हे यंत्राला पटकन कळायला हवं होतं. यावर त्यांनी काढलेला तोडगा मला फार सुंदर वाटतो. कोडाच्या तीन कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकोनांतून मध्यावरून कुठूनही रेघ मारा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं प्रमाण १:१:३:१:१ असंच येतं. आडवी मारा, उभी मारा, तिरपी मारा, प्रमाण तेच. हे प्रमाण ठरवण्यासाठी त्यांच्या गटानं मासिकं, जाहिरातपत्रकं, पुठ्ठ्याची खोकी अशा छापील वस्तू तपासल्या आणि जे प्रमाण छापील जगात सर्वांत कमी आढळतं ते निवडलं. म्हणून आजही फोन वाकडा, उलटा कसाही धरला तरी कोड सापडतो. चौकोन तीनच असल्यानं वरची बाजू कुठली हेही कळतं.

दुसरी करामत आहे दुरुस्तीची. कोडात मूळ मजकुराबरोबर गणितानं काढलेली जादा माहिती भरलेली असते. ही पद्धत १९६० साली रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनी मांडली. पुढे ऑडिओ सीडीवरचे ओरखडे भरून काढायलाही तीच वापरली गेली. क्यूआर कोडात तिच्या चार पातळ्या आहेत. एल पातळीत साधारण ७ टक्के भाग खराब झाला तरी मजकूर परत मिळतो, एममध्ये १५ टक्के, क्यूमध्ये २५ आणि एचमध्ये ३० टक्के. पातळी वाढली की जादा माहिती वाढते आणि चौकोन अधिक बारीक होतात. म्हणून पडद्यावर दाखवायच्या कोडाला एल किंवा एम पुरते, कारण पडद्यावर डाग पडत नाहीत. पावसात लटकणाऱ्या फ्लेक्सवर किंवा लिफ्टशेजारच्या फलकावर मात्र क्यू किंवा एच घ्यावी. कोडाच्या मधोमध संस्थेचं बोधचिन्ह टाकायची हौस असते. ते बोधचिन्ह याच राखीव टक्क्यांतून जागा खातं, तेव्हा ते लहान ठेवावं. आणि कोपऱ्यातल्या तीन चौकोनांना कुठलीच दुरुस्ती लागू होत नाही. नोटीस बोर्डावर नेमक्या त्या कोपऱ्यात टाचणी किंवा स्टेपलर मारला की कोड वाचला जाईलच याची खात्री उरत नाही.

कोडाभोवती चारही बाजूंनी चार चौकोनांइतकी कोरी जागा लागते हेही प्रमाणित नियमात आहे. मजकूर कोडाला चिकटवून जागा वाचवणारी सूचनापत्रकं इथेच फसतात. रंगांचं म्हणाल तर गडद कोड आणि फिकी पार्श्वभूमी. काळ्यावर पांढरा असा उलटा कोड काही फोन वाचत नाहीत, आणि पांढऱ्यावर पिवळा तर प्रोजेक्टरच्या उजेडात दिसतही नाही.

लिंकची लांबी आणि मागची रांग

आता कोड मागच्या रांगेपर्यंत का पोचत नाही ते पाहू. छपाईवाले आणि कोड बनवणारे एक ढोबळ नियम पाळतात. वाचणारा जितका लांब, त्याच्या दहाव्या हिश्शाएवढी कोडाची बाजू हवी. हातातल्या कागदावर दोन-अडीच सेंटिमीटर पुरतं. एक मीटरवरून बघायच्या नोटिशीवर दहा सेंटिमीटर. आणि दहा मीटरवर बसलेल्या सभासदासाठी पडद्यावर एक मीटरचा कोड.

सभागृहातला पडदा धरू १.७ मीटर उंच. कोडानं उंचीचा जवळपास ऐंशी टक्के भाग व्यापला तर त्याची बाजू होते सुमारे १.३५ मीटर, आणि तो तेरा मीटरपर्यंत आरामात वाचला जातो. हाच कोड स्लाइडच्या कोपऱ्यात उंचीच्या आठव्या हिश्शात बसवला, तर पडद्यावर तो होतो वीसेक सेंटिमीटरचा, म्हणजे दोन मीटरपर्यंतचा. तेवढ्या अंतरावर फक्त व्यासपीठावरचे पदाधिकारी असतात. आभाराच्या स्लाइडवर कोपऱ्यात कोड टाकण्याची पद्धत म्हणून निरुपयोगी आहे. नवे फोन झूम करून थोडं अंतर मारून नेतात, पण साध्या फोनवाल्यांनी का वंचित राहावं? कोडाला एक पूर्ण स्लाइड द्या, तीही सुरुवातीला, आणि ती निदान मिनिटभर हलवू नका.

हा दहास एकचा नियम मोजक्या चौकोनांच्या कोडासाठी ठीक आहे. लिंक लांबली की चौकोन वाढतात, तेवढ्याच जागेत बारीक होतात आणि अंतर घटतं. ड्राइव्हवरच्या फाइलची लिंक कॉपी केली तर ती ऐंशीच्या वर अक्षरांची निघते. एम पातळीवर अशा ८२ अक्षरांच्या लिंकचा कोड होतो ३७ बाय ३७ चौकोनांचा, म्हणजे १,३६९ चौकोन. तीच लिंक लहान करून चोवीस अक्षरांवर आणली तर कोड २५ बाय २५चा होतो, फक्त ६२५ चौकोन. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की फरक डोळ्यांना कळतो. पहिला बारीक वाळूसारखा दिसतो, दुसऱ्याचे ठोकळे लांबूनही मोजता येतात.

मराठीत काम करणाऱ्यांना यात एक खास खड्डा आहे. संस्थेची स्वतःची वेबसाइट असेल आणि फाइलचं नाव आपण 'वार्षिक अहवाल' असं देवनागरीत ठेवलं असेल, तर लिंकमध्ये त्या नावाचं रूपांतर टक्क्याच्या खुणा आणि आकडे-अक्षरांच्या माळेत होतं. देवनागरीच्या एका चिन्हाची नऊ अक्षरं होतात. 'वार्षिक'मध्ये सात चिन्हं, 'अहवाल'मध्ये पाच, आणि मधल्या मोकळ्या जागेची तीन अक्षरं. दोन शब्दांच्या नावाची झाली १११ अक्षरं. पुढे वेबसाइटचा पत्ता धरून लिंक १४०च्या घरात जाते आणि कोड होतो ४९ बाय ४९चा. त्याच पडद्यावर, त्याच मापात, हा कोड २५ बाय २५च्या मानानं जेमतेम निम्म्या अंतरावरून वाचला जाईल. मागच्या रांगा गेल्या. म्हणून लिंकमध्ये येणारं फाइलचं नाव रोमन लिपीत, छोटं आणि मोकळी जागा न सोडता ठेवावं. आतल्या अहवालाचं शीर्षक खुशाल मराठीत असू द्या, तिथे काही अडत नाही.

लिंकच्या टोकाला

सर्वांत जास्त सभा अडतात त्या परवानगीवर. ड्राइव्हवर फाइल चढवली की ती आपोआप खासगी असते. चिटणिसाच्या फोनवर ती उघडते कारण फोन त्याच्याच खात्यानं लॉग-इन केलेला असतो. म्हणून त्याची चाचणी नेहमीच यशस्वी होते. परवानगी 'लिंक असलेल्या कोणालाही' अशी करायची, आणि तीही फक्त बघण्याची. संपादनाची परवानगी चुकून दिली गेली तर कुणीही मजकूर बदलू शकतो आणि तो कुणी बदलला हेही कळणं अवघड होतं. चाचणी दुसऱ्याच्या फोनवर करा, शक्यतो वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर. कोणी नसेल तर आपल्याच फोनवर ब्राउझरच्या गुप्त खिडकीत लिंक उघडून बघा.

फाइल पीडीएफच द्यावी. वर्डची फाइल फोनवर उघडली की ओळी मोडतात, तक्ते विस्कटतात, आणि ती जुन्या डीटीपी फाँटमध्ये टाइप केलेली असेल तर सभासदाला मराठीऐवजी निरर्थक रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात, कारण तो फाँट त्याच्या फोनमध्ये नसतो. पीडीएफमध्ये फाँट आत बसवता येतो, त्यामुळे निदान दिसतं तरी नीट. पण जुन्या फाँटवरून केलेल्या पीडीएफमध्ये शोध चालत नाही. 'राखीव निधी' असं टाइप करून शोधलं तर काही सापडत नाही, आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी मजकूर वाचून दाखवणारं ॲपही भलतंच काही उच्चारतं. युनिकोडमध्ये टाइप करून केलेली पीडीएफ हा यावरचा नीट उपाय आहे.

आकारही बघा. छापील पानं स्कॅन करून केलेली साठ पानांची फाइल चाळीस एमबीची सहज होते. दोनशे माणसांनी ती एकदम उतरवायची म्हटली तर आठ जीबी, तेही एकाच सभागृहात, बहुतेक एकाच मोबाइल टॉवरवरून. तीच फाइल संगणकावरून थेट पीडीएफ केली तर दोन एमबीत बसेल आणि सगळ्यांची मिळून चारशे एमबी होईल. सगळे एकाच क्षणी आत शिरले की मोठमोठ्यांची तारांबळ उडते. अमेरिकेत १३ फेब्रुवारी २०२२ रोजी सुपर बोल या सामन्याच्या प्रक्षेपणात कॉइनबेस कंपनीनं मिनिटभर पडद्यावर फक्त एक फिरता क्यूआर कोड दाखवला. इतके लोक एकाच वेळी आले की सेवा काही काळ कोलमडली. आपल्या सभागृहाची गर्दी लहान असली तरी टॉवरची क्षमताही तशीच लहान असते. म्हणून कोड सूचनापत्रावर आठ-पंधरा दिवस आधीच द्यावा. सभेत पडद्यावर तो फक्त राहिलेल्यांसाठी असावा.

छापून झाल्यावर अहवालात चूक सापडली तर? बहुतेकजण जुनी फाइल काढून टाकतात आणि नवी चढवतात. नव्या फाइलला नवी लिंक मिळते, आणि छापलेले सगळे कोड त्या क्षणी मेलेले असतात. ड्राइव्हमध्ये जुन्या फाइलवरच नवी आवृत्ती चढवायची सोय आहे. ती वापरली की लिंक तीच राहते आणि मजकूर बदलतो. मात्र सूचनापत्र गेल्यानंतर असा बदल केला तर पहिल्या पानावर तारखेसह तसं लिहावं. सभासदानं आधी वाचलेला ताळेबंद आणि सभेतला ताळेबंद वेगळा निघाला तर त्याला फसवल्यासारखं वाटेल, आणि ते योग्यच असेल.

'एक्स्पायर' होणारे कोड

"आमचा कोड महिन्याभरात बंद पडला" ही तक्रार नेहमी ऐकू येते. साधा क्यूआर कोड कधीच बंद पडत नाही, त्याची मुदत संपेल असं त्यात काही नसतंच. कोड वापरायला कोणाला पैसेही द्यावे लागत नाहीत. डेन्सोचीच उपकंपनी असलेल्या डेन्सो वेव्हनं पेटंट आपल्याकडे ठेवून प्रमाणित कोडासाठी ते न बजावण्याचं धोरण घेतलं, म्हणून तर तो जगभर पसरला. बंद पडतो तो 'डायनॅमिक' कोड. कोड बनवून देणाऱ्या काही वेबसाइट तुमची लिंक कोडात घालत नाहीत. त्या स्वतःची एक छोटी लिंक घालतात आणि स्कॅन करणाऱ्याला तिथून तुमच्या फाइलकडे वळवतात. फुकटची मुदत संपली की वळवणं बंद होतं, किंवा मध्ये जाहिरात येते.

डायनॅमिक कोडाचे फायदेही आहेत. छापल्यानंतर मागची लिंक बदलता येते आणि किती जणांनी स्कॅन केलं ते कळतं. विचारपूर्वक, पैसे भरून, मुदत माहीत असताना तो जरूर घ्यावा. नकळत मात्र घेऊ नये. ओळखायचं कसं? बनवलेला कोड स्कॅन करा आणि उघडण्याआधी फोनवर दिसणारी लिंक वाचा. तुमचीच लिंक दिसली तर कोड साधा आहे. अनोळखी नाव दिसलं तर मध्ये कोणीतरी बसलेलं आहे. संगणकावरच्या क्रोम ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानाचा साधा कोड बनवायची सोय आतच आहे, त्यासाठी वेगळ्या वेबसाइटची गरज नाही. लिंक छोटी करणाऱ्या सेवाही अशाच वळवतात, हेही ध्यानात ठेवावं. शक्य असेल तर संस्थेच्या स्वतःच्या वेबसाइटवर छोट्या नावाचं एक पान करणं सर्वांत टिकाऊ.

विश्वासाचा प्रश्न

माणसाला डोळ्यांनी क्यूआर कोड वाचता येत नाही, आणि फसवणारे याचाच फायदा घेतात. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात पार्किंगच्या यंत्रांवर कोणीतरी खोटे कोड चिकटवल्याचं पोलिसांना आढळलं. लोक ते स्कॅन करून पैसे भरण्यासाठी खोट्या वेबसाइटवर जात होते. आपल्याकडे दुकानदाराच्या यूपीआय कोडावर दुसरा कोड चिकटवण्याचे प्रकार ऐकू येतात. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर हे करायला मिनिटही लागणार नाही.

म्हणून कोडाखाली लिंक वाचता येईल अशा अक्षरांत छापा. स्कॅन करणाऱ्याला फोनवर दिसणारा पत्ता आणि खालचा पत्ता ताडून बघता येतो. बोर्डाला काच असेल तर सूचना काचेच्या आत लावा. देखभाल वर्गणीचा यूपीआय कोड आणि अहवालाचा कोड एकाच कागदावर शेजारी शेजारी देऊ नका, कॅमेरा कुठला उचलेल सांगता येत नाही आणि ज्येष्ठ मंडळी गोंधळतात. आणि सभेत एकदा स्पष्ट सांगा की आपला कोड फक्त पीडीएफ दाखवतो. तो पिन, ओटीपी मागणार नाही, कुठलं ॲप टाकायला सांगणार नाही. तसं काही मागितलं गेलं तर कोड आपला नाही.

उलट बाजूचा विश्वासही सांभाळायचा असतो. 'लिंक असलेल्या कोणालाही' याचा अर्थ खरोखर कोणालाही. पडद्यावरच्या कोडाचा फोटो पाच मिनिटांत दुसऱ्या गावातल्या ग्रुपवर जातो आणि तिथूनही तो तितकाच चांगला वाचला जातो. सभासदांचे मोबाइल नंबर, आधार क्रमांक, थकबाकीदारांची नावानिशी यादी अशा फाइलमध्ये असता कामा नये. थकबाकीची एकूण रक्कम ताळेबंदात असतेच. नावं लागणार असतील तर ती सभेत कागदावर दाखवावीत. अख्ख्या फोल्डरची लिंक देत असाल तर त्या फोल्डरमध्ये दुसरं काय पडलंय ते उघडून बघा.

ज्यांना स्कॅन करता येत नाही

या बाबतीत महाराष्ट्राला शाळांकडून शिकता येईल. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि धड्यासोबत ध्वनिफिती, चित्रफिती मुलांपर्यंत नेल्या. त्यांना २०२०चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, आणि त्या दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतच कोड आले. केंद्राच्या 'दीक्षा' या शालेय अभ्यासाच्या ऑनलाइन व्यासपीठाला जोडलेले कोड पाहिलेत तर त्यांच्याखाली सहा अक्षर-अंकांचा एक संकेत छापलेला दिसेल. कॅमेरा खराब असेल, पान फाटलं असेल, तर तो संकेत टाइप करूनही तोच धडा उघडतो. कोडाखालची टाइप करता येणारी छोटी लिंक सोसायटीतही हेच काम करते.

कायद्यानंही आता कोडाचा उपयोग कागद दाखवण्यासाठी करायला सुरुवात केली आहे. महारेरानं, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणानं, १ ऑगस्ट २०२३ पासून गृहप्रकल्पांच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला. तो स्कॅन केला की प्रकल्पाची महारेराकडे नोंदलेली माहिती समोर येते, आणि जाहिरातीतल्या गोड शब्दांपलीकडे ग्राहकाला थेट नोंदी बघता येतात. तिथेही अर्थात फोन आणि नेट लागतंच.

सोसायटीत काहींकडे साधा फोन असतो, काहींना डोळ्यांचा त्रास असतो, कुणाचा डेटा संपलेला असतो. अशांसाठी पाच-दहा छापील संच ठेवायलाच हवेत. ते वॉचमनच्या केबिनमध्ये पडून राहता उपयोगी नाहीत. सूचनापत्र वाटतानाच विचारून घरपोच द्यावेत. ताळेबंदाचं एक पान मोठ्या अक्षरांत सगळ्यांना छापून द्यावं आणि बाकीच्या पन्नास-साठ पानांसाठी कोड. खर्च फार होत नाही. सभेच्या दिवशी दारात सह्या घेतात तिथेच एखाद्या चटपटीत मुलीला किंवा मुलाला उभं करावं. तिथे टेबलावर ठेवलेला छापील कोड लोकांना स्कॅन करून, फाइल उघडून, फोनमध्ये उतरवून देता येते. एकदा उतरवली की सभागृहात नेटवर्क नसलं तरी चालतं.

सभा संपल्यावर लिंक लगेच काढून टाकू नये. कित्येकजण पडद्याचा फक्त फोटो काढतात आणि घरी जाऊन गॅलरीतल्या फोटोवरून गुगल लेन्सनं कोड उघडतात, काही तर इतिवृत्त हाती आल्यावरच अहवाल वाचायला घेतात. कोड संस्थेच्या पानाचा किंवा फोल्डरचा असेल तर इतिवृत्तही तिथेच चढवावं. पुढच्या वर्षीचा अहवालही तिथेच, वर्षाचं नाव देऊन, जुना तसाच ठेवून. म्हणजे कोड एकदाच बनवावा लागतो आणि नव्या कार्यकारिणीला तो सोपवता येतो. फक्त ड्राइव्हचं खातं कोणा एका चिटणिसाचं खासगी नसावं. ते संस्थेच्या नावानं उघडावं आणि त्याचा पासवर्ड पदभारासोबत दप्तरात नोंदवून द्यावा.